परसातली पिल्लं: जवळ न जाता कशी बघायची

पिल्लं बघायची असतील तर सुरुवात कुलरपासून करा.

आपल्या मराठवाड्यात कुलर दिवाळीच्या आधी बंद होतो आणि होळीपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. खिडकीला टांगलेला पत्र्याचा डबा, आत अंधार, तीन बाजूंनी गवताच्या जाळ्या, वर सज्जाची सावली. खारीला नि चिमणीला याहून चांगली जागा कुणी बांधून देणार नाही. मग मार्चमध्ये पारा अडतिसावर जातो, घरातला कुणीतरी दमून येतो आणि बटण दाबतो. आमच्याकडे एका वर्षी असंच झालं. बटण मीच दाबलं होतं. पुढचं लिहीत नाही.

तेव्हापासूनचा नेम सांगते. फाल्गुन लागला की कुलरची मागची जाळी काढायची, टॉर्च मारून आत बघायचं. पिल्लं असली तर बटणावर चिकटपट्टी लावायची आणि तीन-चार आठवडे पंख्यावर काढायचे. चिमणीची पिल्लं अंड्यातून आल्यापासून साधारण पंधरवड्यात उडतात. खारीची मात्र डोळे मिटलेली, बिनकेसांची जन्मतात आणि त्यांना कितीतरी जास्त दिवस लागतात. खार असली की घरात भांडण होणार हे धरून चाला.

आमचं घर लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. परस म्हणजे फार काही नाही, वीस बाय पंचवीस फूट. त्यात एक लिंब (म्हणजे कडुलिंब), एक शेवगा, जांब, कढीपत्ता, कागदी लिंबाचं झाड, जास्वंदीची दोन झुडपं, आणि कोपऱ्यात विटांचा ढीग, जो गेली कित्येक वर्षं 'उचलायचा आहे'. एवढ्यात जे दिसतं त्यावरून हे लिहिते आहे. तुमच्याकडे नुसती गॅलरी आणि तुळस असली तरी यातलं बरंचसं चालेल.

आधीची तयारी, तीही हिवाळ्यात

झाडांची छाटणी पौष-माघात उरकून घ्या. आमच्याकडे लोक लग्नसराईत घर रंगवायला काढतात आणि त्याच वेळी झाडं 'साफ' करतात, म्हणजे नेमकी घरटी भरलेली असतात तेव्हा. लग्नाच्या लाइटच्या माळाही त्याच झाडांवर चढतात. घरात कार्य असेल तर एक झाड सोडा. नवरी-नवरदेवाला कळणारसुद्धा नाही.

संक्रांत झाली की दुसरं काम मांज्याचं. लिंबाच्या शेंड्याला, वायरींना अडकलेला नायलॉन मांजा लांब बांबूला आकडी बांधून काढून टाका. वीज खात्याच्या तारांना मात्र हात लावू नका. पक्षी असले दोरे घरट्यात विणतात आणि पिल्लाच्या पायाला त्याचा फास बसतो. पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही. प्लॅस्टिकच्या पोत्यांचे सुटे धागेही याच कामाचे, तेही गोळा करा.

तिसरं काम पाण्याचं. लातूरकरांना पाण्याचं काय सांगावं? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं हे शहर. तरी सांगते, पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं ठेवा, दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे उडायला शिकणारं पिल्लू बुडणार नाही. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची पैदास होते. आणि हे भांडं घरट्यापासून लांब, परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. पाण्यावर कावळे येतात, मांजरं येतात. घरट्याखाली भांडं ठेवणं म्हणजे त्यांना पत्ता देणं.

बसायची जागा ठरवा, ती बदलू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कंटाळवाणंही. एक खुर्ची किंवा बाज, एकच कोपरा, रोज एकच वेळ. मी सकाळी साडेसहा ते आठ बसते. पहिले आठ-दहा दिवस काही म्हणजे काही होत नाही. पक्षी तुम्हाला बघून लांबून जातात. मग तुम्ही त्यांच्या हिशोबी रांजण होता, रांजणाला कुणी भीत नाही.

कपडे मळखाऊ रंगाचे, चहा आधी पिऊन, मोबाइल मुका करून बसा. पाठ भिंतीला लागलेली असू द्या, म्हणजे तुमची आकृती आभाळावर उठून दिसत नाही. दुर्बीण असेल तर आठ बाय बेचाळीसची पुरे. आठ म्हणजे आठपट जवळ आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. याहून जास्त पटीची घेतली तर हात थरथरतो आणि परसात तिचा काही उपयोग नसतो. दुर्बीण नसेल तरी अडत नाही. मी पहिली दोन वर्षं चष्म्यावरच काढली.

शेजारच्या काकांनी एकदा कुंपणावरून विचारलं, "काय बघायलाव ओ मावशी, एक तास झाला?" मी म्हटलं, काही नाही. तेव्हा ते खरंही होतं.

कोणत्या महिन्यात काय बघायचं

फाल्गुन-चैत्रात पिंगळा आणि पोपट झाडाच्या ढोलीत असतात. शिंजीर, म्हणजे तो लहानसा जांभळा सूर्यपक्षी, याच सुमाराला लोंबतं घरटं बांधतो. बांधतो म्हणणं चूक आहे, बांधते. घरटं बांधणं, अंडी उबवणं ही कामं एकटी मादी करते. नर आसपास चमकत फिरतो आणि पिल्लं झाली की भरवायला हातभार लावतो. घरटं बघितलं तर वाटतं कुणी कचरा टांगून ठेवलाय. कोळ्याचं जाळं, झाडाची साल, अळ्यांची विष्ठा, वाळकी पानं, आणि दारावर छोटीशी पडवी. ओसरीतल्या वायरीलासुद्धा टांगलेलं सापडतं. झाडूनं ओढून काढण्याआधी एकदा बघा.

चैत्र ते ज्येष्ठ हे बुलबुलांचे, दयाळाचे, कावळ्याचे, आणि कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे दिवस. गावाबाहेर नवं प्लॉटिंग पडलं असेल तर तिथल्या मुरमावर टिटवी असते. घरटं असं नसतंच, खड्यांमध्ये बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत वळलेली, आणि अगदी मुरमाच्याच रंगाची. ऊन तापलं की टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. तिची पिल्लं अंड्यातून आली त्याच दिवशी चालायला लागतात, त्यामुळे एकटं हिंडणारं टिटवीचं पिल्लू 'हरवलेलं' नसतं. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोरदार, हा आपल्याकडचा जुना ठोकताळा. मी त्यासाठी वहीत एक रकाना ठेवलाय.

मृग निघाला की सगळंच बदलतं. शिंपी, विहिरीवरच्या बाभळीला सुगरण, सातभाई, आणि जमिनीवर सरडे, बेडूक, साप. चिमणीला मात्र पंचांग नाही, ती वर्षातून बऱ्याच वेळा पिल्लं काढते.

घरटं कसं ओळखायचं

झुडपं उचकटून घरटं शोधायचं नाही. पक्ष्यांची ये-जा बघून ते आपोआप कळतं.

चोचीत काडी, कापूस, दोरा घेऊन जाणारा पक्षी म्हणजे बांधकाम चालू आहे. या वेळी फार बघत बसू नका, कारण याच टप्प्यावर पक्षी जागा सोडून देण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मग काही दिवस शुकशुकाट होतो, जोडीतला एकच दिसतो, म्हणजे दुसरा अंड्यांवर आहे. आणि एका सकाळी चोचीत हिरवी अळी धरून पक्षी झुडपात शिरतो आणि रिकाम्या चोचीनं बाहेर येतो. झालं, पिल्लं आली.

यापेक्षाही पक्की खूण म्हणजे पांढरी पुडी. पिल्लांची विष्ठा एका पातळ पिशवीत गुंडाळलेली बाहेर येते. पिल्लं अगदी लहान असतात तेव्हा आईबाप ती बहुतेक वेळा गिळूनच टाकतात, मोठी झाली की चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. घर स्वच्छ राहतं आणि वासानं, डागांनी शत्रूला माग लागत नाही. पांढरा ठिपका चोचीत घेऊन बाहेर पडणारा बुलबुल दिसला की समजा, आत बाळंतघर जोरात आहे.

शिंप्याचं घरटं मात्र समोर असून दिसत नाही. मोठं पान वळवून, कडांना चोचीनं भोकं पाडून, त्यातून कोळ्याचा किंवा झाडाचा तंतू ओवलेला असतो. भोकाबाहेर तंतूचा झुपका फुलतो, म्हणून तो निसटत नाही. आत अस्तर कापसाचं. आपल्या भागात कापसाला तोटा नाही, बांधावर, रस्त्याच्या कडेला, गाडीतून उडालेला पडलेलाच असतो.

किती लांब राहायचं

फुटांत सांगायचं तर बुलबुलापासून पंधरा-वीस फूट. पण फुटपट्टीपेक्षा पक्ष्याचं वागणं बघा. चोचीत चारा घेऊन पक्षी आला आणि समोरच्या फांदीवर बसून तुमच्याकडे बघत राहिला, मान इकडे-तिकडे केली, आवाज करत राहिला पण आत गेला नाही, तर त्याला तुमची अडचण होते आहे. पाच मिनिटं वाट बघा. तरीही गेला नाही तर उठा आणि खुर्ची आणखी मागे न्या. आत पिल्लं उपाशी आहेत आणि वैशाखाचं ऊन आहे.

हे मी कुठून शिकले? जास्वंदीतल्या बुलबुलाच्या घरट्याचा फोटो नीट येईना म्हणून समोरची फांदी सुतळीनं बाजूला बांधली. फक्त दहा मिनिटांसाठी. फोटो चांगला आला. फांदी सोडली, पण पानं पूर्वीसारखी मिटली नाहीत, एक खिडकी राहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खिडकीतून भारद्वाज आत गेला. भारद्वाज दिसला की दिवस शुभ जातो असं आपण म्हणतो. तो घरट्यातली अंडी आणि पिल्लं खातो हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. त्याचीही पिल्लं कुठेतरी असतील, त्याच्यावर राग नाही. फांदी मी बांधली होती.

तेव्हा फांदी, पान, काहीही हलवू नका. फ्लॅश नको. घरट्याजवळ काठीला मोबाइल बांधून आत डोकावू नका. अगदी भरू लागलेल्या, पिसं फुटलेल्या पिल्लांजवळ तर मुळीच जाऊ नका, कारण ती घाबरून वेळेआधी बाहेर उड्या टाकतात. पुन्हा पुन्हा सरळ घरट्याकडेच चालत गेलात तर गवतात पायवाट पडते, आणि मांजर पायवाटेनंच येतं.

वही

वही नसेल तर महिन्याभरानं सगळ्या सकाळी एकसारख्या वाटतात. शाळेची दोनशे पानी चालते. तारीख, वेळ, ऊन-ढग-वारा, आणि जे दिसलं तेच. 'आई काळजीत होती' असं लिहायचं नाही. 'चारा घेऊन चार मिनिटं तारेवर थांबली' असं लिहायचं. काळजी नंतर, चारचौघांत बोलताना लावता येते.

एक सोपी मोजणी आहे. पंधरा मिनिटं घड्याळ लावून आईबापाच्या चारा आणण्याच्या फेऱ्या मोजा. रोज त्याच वेळी मोजा. पिल्लं वाढतात तशा फेऱ्या वाढतात, पावसाच्या दिवशी घटतात, आणि पिल्लं निघायच्या बेतात असली की कधीकधी एकदम कमी होतात. आईबाप चारा घेऊन थोडं लांब बसतात आणि बोलावतात. ही घट दिसली की मी घरातल्या मांजराला सकाळ-संध्याकाळ आत कोंडते.

माझ्या वहीतलं बुलबुलाचं एक घरटं थोडक्यात असं आहे. तीन अंडी, गुलाबीसर, त्यावर तांबूस-जांभळे शिंतोडे. उबवणी साधारण बारा-तेरा दिवस. पिल्लं उघडी, आंधळी, चोचीच्या कडा पिवळ्या. चार-पाच दिवसांत डोळे किलकिले झाले, पाठीवर निळसर काट्यांसारख्या पिसांच्या नळ्या दिसू लागल्या. आठवड्यानंतर त्या नळ्या फुटून पिसं उलगडली. बाराव्या-तेराव्या दिवशी घरटं रिकामं. दुपारी बारा ते तीन आई घरट्यावर बसत नव्हती, काठावर उभी राहून पंख अर्धे पसरत होती. स्वतः चोच उघडी टाकून धापत होती आणि पिल्लांवर सावली धरत होती. त्या दिवशी आमच्या थर्मामीटरवर एक्केचाळीस होतं.

घरटं रिकामं झालं म्हणजे बघणं संपलं असं समजून बहुतेक जण खुर्ची आत नेतात. खरी मजा पुढे आहे. आखूड शेपटीची ती पिल्लं पुढचे बरेच दिवस झुडपांतच असतात, आईबाप त्यांना भरवत असतात, आणि आता ती बाहेर, उघड्यावर दिसतात. फांदीवर बसताना तोल जाणं, जास्वंदीचं फूल खाण्यासारखं आहे का ते चोचीनं तपासणं, भावंडाला चारा मिळाला की त्याच्या अंगावर चढणं, हे सगळं तेव्हाचं.

सातभाईंच्या घरी चातक

हे प्रकरण आमच्याकडे आषाढात सुरू होतं आणि मी दरवर्षी त्याची वाट बघते.

सातभाई म्हणजे ते मातकट, कर्कश, टोळीनं फिरणारे पक्षी. त्यांच्या टोळीत पिल्लांना फक्त आईबाप भरवत नाहीत, बाकीचे सदस्यही चारा आणतात. एकत्र कुटुंब म्हणा, आणि त्यातलं सगळं भांडणही. चातक पावसाबरोबर येतो, त्याचं ते 'पियू पियू' ऐकलं की शेतकरी आभाळाकडे बघतो. ही चातकाची मादी सातभाईच्या निळ्या अंड्यांत आपलं तसंच निळं अंडं टाकून मोकळी होते. पावशाही तेच करतो. 'पेरते व्हा' म्हणून आपल्याला कामाला लावणारा हा पक्षी स्वतःचं पेरून दुसऱ्याच्या घरी सोडतो.

ओळखायचं कसं? घरट्यात नाही, बाहेर आल्यावर. श्रावणात परसात सातभाईंची टोळी उतरली की त्यांच्यामध्ये एक वेगळं पोर आहे का बघा. अंगावर तपकिरी-काळा रंग, पोट फिकट, डोक्यावर तुऱ्याची सुरुवात, शेपटी लांबटसर. ते एका जागी बसून पंख थरथरवत ओरडत राहतं आणि एकामागून एक सातभाई येऊन त्याच्या तोंडात किडे कोंबतात. चातकाचं पिल्लू यजमानांच्या पिल्लांना घरट्याबाहेर ढकलत नाही, त्यामुळे कधीकधी सातभाईची स्वतःची पिल्लंही बाजूलाच असतात. दोघांना कसं मिळतं ते मोजा, मोठी करमणूक आहे. मोजताना मध्ये पडून 'न्याय' करू नका. आमच्या बाजूच्या आत्यांनी एकदा चातकाच्या पोराला हाकलायला चप्पल घेतली होती.

पिल्लू खाली सापडलं तर

दरवर्षी मे महिन्यात कुणीतरी बुटाच्या खोक्यात पिल्लू घेऊन येतं. दहांतली निम्मी तरी उचलायलाच नको होती.

आधी बघा, अंगावर पिसं आहेत का आणि ते टुणटुण उड्या मारतंय का. पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, उड्या मारतं, तर ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. आईबाप वरच्या फांदीवर तुमच्याच जाण्याची वाट बघतायत. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर अलगद उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि निघून जा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हे खरं नाही. इथं पटकन उचलून ठेवण्यात काही बिघडत नाही, घरी नेण्यात बिघडतं.

अंग उघडं आहे, डोळे मिटलेले आहेत, तर ते खरंच पडलंय. घरटं दिसत असेल तर त्यात परत ठेवा. घरटं वादळानं पडलं असेल तर अर्धी करवंटी किंवा लहान टोपली घ्या, पाणी निथळायला बुडाला भोकं पाडा, आत पडलेलं घरटंच बसवा, आणि मूळ जागेच्या शक्य तेवढं जवळ, सावलीत बांधा. मग लांब बसा. तास-दोन तासांत आईबाप चारा घेऊन आले तर तुमचं काम संपलं.

आले नाहीत, किंवा पिल्लू जखमी आहे, तर खोक्याला भोकं पाडा, तळाशी मऊ सुती कापड घाला. सुटा कापूस नको, त्याचे तंतू नखांत गुंततात. खोकं अंधारात, शांत ठेवा. दूध, भाकरीचा कुस्करा, काही देऊ नका, आणि ड्रॉपरनं चोचीत पाणी तर अजिबात नको, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू मरतं. वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे, तिथं फोन करा.

खारीचं पिल्लू असेल तर झाडाच्या बुंध्याशी उघड्या खोक्यात, मऊ कापडावर ठेवा आणि घरात जा. आई येते, पिल्लाला तोंडात धरून चढून जाते. मी दोनदा बघितलंय.

पोपटाची पिल्लं या दिवसांत काही जण ढोलीतून काढून विकतात. घेऊ नका आणि विकू देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंसुद्धा शिकारीच्या व्याख्येत बसतं.

आणि शेत असलेल्यांसाठी जाता जाता एक सांगते. ऊसतोडीत रानमांजराची पिल्लं निघतात आणि गावभर बिबट्याची बोंब होते. पिल्लं होती तिथंच राहू द्या, तेवढा फड सोडून माणसं बाजूला घ्या, वन विभागाला कळवा. आई बहुधा रात्री येऊन नेते.

पाऊस पडल्यावर जमिनीकडे बघा, पण आधी पायाखाली

पहिल्या सरींनंतर सरड्याची मादी ओल्या मातीत खड्डा खणताना दिसेल. पुढच्या पायांनी उकरते, अंडी घालते, माती ओढून थापटते आणि निघून जाते. परत कधीच बघायला येत नाही. तिथं चार खडे ठेवून खूण करा आणि वहीत तारीख लिहा. सहा-सात आठवड्यांनी, जवळपास पोळ्याच्या सुमाराला, काडीएवढे सरडे बाहेर येतील. त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं तरी मुंगी कशी पकडायची ते येतं.

कागदी लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर काडीनं हलकं स्पर्शून बघा. ती फुलपाखराची अळी असू शकते. मोठी झाली की हीच हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. लेकरांना हे एकदा दाखवलं की दिवसभर पुरतं. या अळ्यांसाठी झाडाची थोडी पानं जाऊ द्या. फवारणी करू नका. चिमणी स्वतः ज्वारी खाते, पण पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. ज्वारीचं ताट भरून ठेवलं आणि परसात एक अळी नसली तर पिल्लं जगत नाहीत.

आता सापांचं. नागाची पिल्लं पावसाळ्यात अंड्यांतून निघतात. घोणस तर अंडी न घालता थेट पिल्लंच देते, एकाच वेळी वीस-चाळीससुद्धा. पिल्लू वीतभर असलं तरी विषारी असतं. घोणशीच्या पिल्लाला अजगराचं पिल्लू समजून हातात घेतल्याचे प्रकार घडतात, म्हणून परसात साप ओळखण्याची हौस भागवू नका. विटांच्या ढिगात, फरशीखाली, सरपणात हात घालू नका. रात्री टॉर्च आणि बूट हवेतच. खार एका जागी शेपटी झटकत 'चिक चिक' लावून बसली, सातभाईंनी एका झुडपाभोवती गलका केला, की तिथं मांजर किंवा साप आहे असं समजा आणि लेकरांना मागे घ्या. चावलाच तर बांधाबांध, चिरणं, मांत्रिक काही नको, सरळ सरकारी दवाखाना गाठा. विटांचा ढीग मी का उचलत नाही असं कुणी विचारलं तर उत्तर हेच आहे, पण खरं तर तो हिवाळ्यात उचलायला हवा.

लेकरं सोबत असतील तेव्हा

दहा मिनिटांच्या वर बसवू नका. काम द्या. नातीला मी फेऱ्या मोजायला देते, चिंचोके घेऊन बसते, एक फेरी एक चिंचोका. ती सात वर्षांची असताना तिनं विचारलं, "आज्जी, त्यायच्या घरट्याला दार का नाय?" मी शिंजिराचं घरटं दाखवलं. त्यावर तिचं म्हणणं, मग बुलबुलाची माय आळशी आहे. वहीत तिच्या अक्षरात तसं लिहिलेलं आहे.

फोटो गावातल्या ग्रुपवर टाकायचे असतील तर पिल्लं उडून गेल्यावर टाका, आणि जागा सांगू नका. ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंद करता येते. तीही थोडी उशिराच केलेली बरी. पिंगळ्याची ढोली तर कुणालाच सांगू नका. घुबडाच्या जातीच्या पक्ष्यांचा अंधश्रद्धेपायी जीव जातो हे आपल्याला माहीत आहे.

चिमणीची पेटी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-धाराशिवकडची जाड दगड-मातीच्या भिंतींची घरं माणसांवर कोसळली. त्यानंतर लोक सिमेंटच्या घरांत गेले आणि ते बरोबरच झालं. पण जुन्या भिंतींत दगडांच्या सांदी होत्या, ढाळजेच्या लाकडांत फटी होत्या, आणि चिमणी तिथं राहायची. सिमेंटच्या भिंतीला फट नसते.

म्हणून पेटी लावा. लाकडी, वीतभर रुंद, थोडी उंच, भोक ३२ मिलिमीटरचं. त्याहून मोठं केलं की साळुंकी शिरते. भोकाखाली बसायची काडी लावू नका, तिचा फायदा कावळ्याला जास्त. जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून लावा. पश्चिमेच्या भिंतीवर आपल्या उन्हात पेटीचा तवा होतो. पत्र्याचा डबा किंवा प्लॅस्टिक याच कारणासाठी नको. पहिल्या वर्षी चिमण्या आल्या नाहीत तर पेटी हलवू नका. माझी एक पेटी दोन वर्षं रिकामी होती, तिसऱ्या वर्षी त्यात पाल राहत होती, आणि चौथ्या वर्षी चिमणी आली.

हंगाम संपल्यावर

दिवाळीच्या आसपास वाऱ्यानं जुनी घरटी खाली येतात. अशी पडलेली घरटी हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून उन्हात वर्तमानपत्रावर ठेवा, कारण त्यात बारीक किडे असतात. मग चिमट्यानं सोडवून बघा. गेल्या वर्षीच्या बुलबुलाच्या घरट्यात हे निघालं: लिंबाच्या काड्या, कोळ्याचं जाळं, कुलरच्या गवताचे लांब तंतू, माझे चार पांढरे केस, गुटख्याच्या पुडीचा तुकडा, आणि नातीच्या गोधडीचा लाल दोरा, जो आम्ही चैत्रात घरभर शोधला होता.